काळी चारच्या हिवाळेबाई

मला थायरॉईड झाला तेव्हा शाळेत कुणी साधं विचारलंसुद्धा नाही. आमचे मुख्याध्यापक देशमुख सर एवढंच म्हणाले, "आजकाल सगळ्यांनाच होऊन राह्यलं ते, जाधवबाई. गोळी चालू ठेवा." झालं. आणि हिवाळेबाईंना झाला तेव्हा अख्खी टेंभुर्णी हळहळली. जीपवाले जीप थांबवून मला विचारायचे, "बाईंची तब्येत कशी हाय आता?" मला वाटायचं, अरे, मीही बाईच आहे, माझाही गळा सुजला होता!

बरं, त्यांचा आजारही माझ्यासारखा साधासुधा नव्हता. त्यांच्या रक्तानं मोठ्या मशिनला फसवलं होतं. मी सकाळी उपाशीपोटी जी बारकी पांढरी गोळी घेते, तीच त्या घेत. पण त्यांच्या गोळीमागे एक कथा होती, आणि माझ्या गोळीमागे फक्त पाण्याचा घोट. हे मला तेव्हा खुपलं आणि आज निवृत्त होऊन घरी बसले तरी खुपतं.

हिवाळेबाई आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बदलून आल्या तेव्हा सकाळचा परिपाठ माझ्याकडे होता. पेटीही मी वाजवायची, प्रार्थनाही मीच सांगायची. माझा आवाज वाईट नव्हता. पण हिवाळेबाई आल्या त्या दिवशी सरांना पाहुणचार सुचला. "नव्या बाई, आज तुम्ही म्हणा," असं ते म्हणाले. मी पेटीवर बसले आणि विचारलं, "कोणता सूर धरू?"

"धरा की कोणताबी," त्या म्हणाल्या आणि माझी वाट न बघता सुरू झाल्या.

मी पट्ट्या चाचपत त्यांचा सूर शोधला. काळी चार. स्वच्छ, भरलेला, जरासुद्धा न हलणारा. एरवी प्रार्थनेच्या वेळी एकमेकांना चिमटे काढणारी पोरं गप्प झाली. रस्त्यापलीकडच्या हॉटेलवाल्यानं स्टोव्ह बारीक केला. दुसऱ्या दिवसापासून गायला त्या आणि भाता ओढायला मी, अशी वाटणी झाली. ती कुणी केली हे मला आजही माहीत नाही. मला कुणी विचारलं नव्हतं, एवढं नक्की.

घरीही सुटका नव्हती. गावातल्या विहारात कार्यक्रम असला की हिवाळेबाई मुद्दाम जाफराबादहून येत आणि वंदना म्हणत. आमच्या गल्लीतल्या बायका तिकडच्या रस्त्यानं उगाच पाण्याला जायच्या. त्यात माझ्या सासूबाई पुढे. एकदा परत येऊन म्हणाल्या, "काय गळा हाय त्या बाईचा! आन् तू गं, तू काय करतीस तिथं शाळंत?"

"पेटी वाजवते," मी म्हटलं.

"पेटी व्हय? ती न्हाई ध्यानात येत."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

हिवाळेबाई दिसायला काही फार नव्हत्या. सावळ्या, काटक, चेहऱ्यापेक्षा कपाळ मोठं. खडूचा तुकडा अंबाड्यात खोचून ठेवायची सवय. तो खडू विसरून त्या तशाच एसटीत बसायच्या. चालणं असं, की पदर मागे उडत राहायचा. एसटीतून उतरल्या की शाळेच्या फाटकात माझ्या आधी. माझं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर, तरी मी मागे. मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या, ढिल्या. फळ्यावर लिहायला हात वर केला की त्या खळकन कोपरापर्यंत उतरायच्या, आणि त्या आवाजावर मागच्या बाकावरचं पोरगं जागं व्हायचं. कुठल्याही गोष्टीला "बिलकुल" म्हणायच्या. "बाई, चहा घेता?" "बिलकुल." "बाई, उद्या सुट्टी?" "बिलकुल न्हाई."

आणि त्यांचं ते "खरं का खोटं?". काहीही सांगितलं की पोरांकडे बोट करून विचारायच्या, खरं का खोटं? पोरं छप्पर उडेल इतक्या जोरानं ओरडायची. एकदा जाफराबादहून तपासणीला साहेब आले होते. हिवाळेबाईंनी त्यांच्यासमोर गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "पूर्णा नदी आपल्या जिल्ह्यातून वाहत न्हाई. खरं का खोटं?" पोरं ओरडली, "खोटं!" बाई साहेबांकडे वळल्या. "साहेब, तुमचा आवाज न्हाई आला." आणि तो तालेवार माणूस, हातात फाईल धरून, ओरडला की हो, "खोटं!" माझ्या वर्गात येऊन त्याच साहेबांनी खिडकीची काच फुटली आहे एवढं बघितलं आणि गेले.

मी त्यांच्याकडे सारखी बघायची. प्रेमानं नव्हे. ज्याच्या पोटात दुखतं त्याला दुसरीकडे बघताच येत नाही. त्यांची नवी साडी त्यांच्या नवऱ्याच्या आधी मला कळायची. कोणत्या दिवशी त्या हसल्या नाहीत, कोणत्या दिवशी डब्यात उसळ पातळ होती, सगळं माझ्या डोक्यात. एखाद्या माणसाचा इतका अभ्यास मी डी.एड.ला केला असता तर पहिली आले असते.

मग माझा गळा सुजला. केस गळायला लागले, थकवा यायचा. जालन्याला रक्त तपासायला सांगितलं. हिवाळेबाईंनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "मीबी येते. माझाबी गळा भरल्यासारखा वाटून राह्यला. एका चकरेत दोघींचं होऊन जाईल." दोघींनी शेजारी शेजारी बसून रक्त दिलं. ते पुढे मुंबईला जायचं, रिपोर्ट आठवड्यानं.

रिपोर्ट आले. जालन्याच्या डॉक्टरांनी दोन्ही कागद टेबलावर मांडले. "जाधवबाई, तुमचा थायरॉईड कमी पडतोय. हिवाळेबाईंचा फार वाढलाय. टी-फोर केवढा आहे बघा."

थायरॉईडसुद्धा त्यांना जास्त आणि मला कमी! मला हसावं की रडावं कळेना.

स्टाफरूममध्ये सगळ्यांचं एकच मत पडलं, की दोघींचे रिपोर्ट अदलाबदल झाले. कारण जाडसर झाले होते मी, आणि हलक्याफुलक्या होत्या त्या. जास्तीचा थायरॉईड जाड्या अंगातच असणार, असा त्यांचा हिशेब. म्हणून हिवाळेबाईंनी एकटीनं जाऊन पुन्हा रक्त दिलं. पुन्हा टी-फोर तेवढाच, आभाळाला टेकलेला. त्या कागदावर टीएसएच, म्हणजे ग्रंथीला कामाला लावणारा हुकूम, तोही वाढलेला होता. एक वाढला की दुसरा उतरायला हवा, असं पुढे मला कळलं. पण जालन्याच्या डॉक्टरांनी तो मशिनचा दोष म्हणून सोडून दिला. मला भर घालणारी गोळी मिळाली, त्यांना उतरवणारी.

माझी गोळी मला मानवली. महिन्या-दोन महिन्यांत मी टणटणीत झाले. आणि हिवाळेबाई मात्र खचायला लागल्या. एसटीतून उतरून फाटकापर्यंत यायला त्यांना वेळ लागायचा. मी आधी पोहोचायची आणि वळून बघायची. इतकी वर्षं जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते बेचव लागत होतं. उन्हाळा तोंडावर आला तरी त्या स्वेटर घालायच्या. चेहरा सुजट झाला. बांगड्या मनगटाला चिकटल्या. फळ्यावर लिहिताना खळकन होईना.

आवाजाचं मला पहिल्या दिवशीच कळलं. 'जन गण मन'च्या वरच्या ओळीला त्यांचा सूर किंचित थरथरला. दुसऱ्या कुणाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना न सांगता पेटीवर एक पट्टी खालची, पांढरी पाच धरली. त्या त्यातून सुखरूप पार पडल्या. काही दिवसांनी तेही जड जायला लागलं, मी काळी तीन धरली. मग त्याच्याही खाली.

त्यांची दया आली म्हणून नव्हे. पोरांसमोर त्यांचा सूर फाटला असता तर परिपाठ परत माझ्याकडे आला असता, हे मला चांगलं माहीत होतं. मी नुसती काळी चार धरून बसले असते तरी पुरे होतं. पण मला त्यांना हरवायचं होतं ते त्या पहिल्यासारख्या असताना. अशा भरडलेल्या गळ्याला मागे टाकण्यात काय मजा?

तिसऱ्यांदा रक्त तपासलं, टी-फोर आणखी वर. "गोळ्यांना दाद देत नाही," जालन्याचे डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशन करून ग्रंथीच काढून टाकू." औरंगाबादच्या एका सर्जनकडे तारीख ठरली. सर्जननं समजावून सांगितलं होतं, की आवाजाची नस त्या ग्रंथीला लागूनच असते. सहसा काही होत नाही, पण एखाद्या वेळी आवाज जातो.

भूल देण्याआधी तिथल्याच एका फिजिशियनचं मत घ्यायचं होतं. सोबत कुणीतरी बाई हवी असं सर म्हणाले आणि मी हात वर केला. परत येऊन बातमी सांगायची ती मीच, दुसऱ्या कुणी नव्हे, हा त्यातला हिशेब. एसटीत हिवाळेभाऊ, म्हणजे बाईंचे यजमान, पुढच्या सीटवर झोपले होते. पंचायत समितीत कारकून, फार भला माणूस. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. मग त्या खरखरीत आवाजात म्हणाल्या, "जाधवबाई, गळा गेला तर परिपाठ तुम्ही घ्या. पहिला तुमचाच व्हता. मला फकस्त पेटी शिकवा, मी भाता ओढीन."

मला इतका राग आला की भोकरदन येईपर्यंत मी त्यांच्याकडे पाठ करून बसले. हवी असलेली वस्तू कुणी अशी उचलून हातात देतं का?

फिजिशियन पोक्त वयाचे, कमी बोलणारे. त्यांनी बाईंची नाडी धरली आणि बराच वेळ सोडली नाही. मग त्यांना खुर्चीवर गुडघे टेकून बसवलं, पावलं मागे लोंबती ठेवली आणि टाचेच्या वर रबरी हातोडी मारली. पाऊल झटकन हललं, पण जागेवर यायला त्यानं चांगलाच उशीर केला.

"थायरॉईड जास्त असेल तर नाडी पळते," ते म्हणाले. "यांची रेंगाळतेय. हिवाळे, या आधीपासून अशाच आहेत का?"

"व्हय साहेब," हिवाळेभाऊ म्हणाले. "शांतच सुभाव हाय तिचा."

शांत! हिवाळेबाई शांत! माझा ताबाच सुटला.

"कशाच्या शांत, डॉक्टरसाहेब? या बाई चालायला लागल्या की पोरांना पळावं लागायचं. आता मीच फाटकात वाट बघत उभी राहून राह्यले. दसऱ्याला यांच्या बांगड्या कोपरापर्यंत जायच्या, संक्रांतीला साबण लावून काढल्या. आता मनगट मोकळंच हाय, बघा. स्वेटर उतरवीत न्हाईत. अन् आवाज..."

"आवाज बसलाय असं सगळेच सांगतात," डॉक्टर म्हणाले. "किती बसलाय?"

"काळी चारचा पांढरी तीनला आलाय."

त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली. "म्हणजे?"

मी सांगितलं. रोज पेटी मीच धरते, बाई आधी कोणत्या पट्टीत गायच्या, मी ती कधी कधी खाली आणली, सगळं. त्यांनी एकच विचारलं, "उतरवायच्या गोळ्या सुरू झाल्यावर फरक पडला?"

"पडला ना. त्याच्यानंतर जास्तच जल्दी उतरला."

"इतकं बारीक लक्ष कसं तुमचं?"

मी पर्स उघडून पुन्हा बंद केली. हिवाळेबाईच म्हणाल्या, "पेटीवर असत्यात ना त्या."

डॉक्टरांनी ऑपरेशन थांबवायला सांगितलं. हे रक्त ते दुसऱ्या एका लॅबमध्ये पाठवणार होते, जिथे मोजायची पद्धत वेगळी. "कागद खोटं बोलतोय असं मला वाटतं," ते म्हणाले. आम्ही दोघी मास्तरणी आहोत म्हणून की काय, त्यांनी ते आम्हाला वर्गाच्या भाषेत समजावलं.

"मशिन तुमच्या रक्तातला थायरॉईड सरळ मोजत नाही. समजा एका वर्गात थोडीच बाकं आहेत. त्यात तुमच्या रक्तातली, म्हणजे गावची पोरं आणि मशिनची स्वतःची, पिवळ्या टोपीची पोरं एकदम सोडली. मग मशिन आत बघतं, बाकांवर पिवळ्या टोप्या किती. कमी दिसल्या, तर म्हणतं, बाकं गावच्या पोरांनी भरली, म्हणजे गावात पोरं बक्कळ. आता समजा, दारातच कुणीतरी उभं आहे आणि पिवळ्या टोपीवाल्यांना धरून ठेवतंय."

हिवाळेबाईंचे सुजलेले डोळे एकदम जागे झाले. "मंग बाकं रिकामी, अन् मशिन म्हणून राह्यलं वर्ग भरला!"

"अगदी बरोबर. दारात उभी असतात ती तुमच्याच शरीरानं तयार केलेली प्रतिद्रव्यं. रोगाला अडवायची सोडून ती स्वतःच्याच थायरॉईडला चिकटतात, आणि तपासणीत मशिनच्याही. असं क्वचितच कुणात सापडतं."

क्वचित! हा शब्द ऐकला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. मी पर्समधून माझा रिपोर्ट काढला. "माझ्यात असतील का हो ती?"

डॉक्टरांनी कागद बघून परत दिला. "नाही. तुमचं अगदी साधं आहे."

दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट आला. हिवाळेबाईंचा टी-फोर जास्त नव्हताच. पार तळाला गेला होता. त्यांना गरज होती भर घालणाऱ्या गोळीची, आणि त्या इतके महिने उतरवणारी खात होत्या. ऑपरेशन कायमचं रद्द झालं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर माझीच गोळी लिहून दिली आणि जाताना म्हणाले, "पुढेही त्या मशिनवर टी-फोर आला तर त्याच्यावर जाऊ नका. टीएसएच बघा, आणि या पेटीवाल्या बाईंना विचारा."

ते गमतीनं म्हणाले असतील. हिवाळेबाईंनी ते औषधासारखं घेतलं.

बातमी सांगायला मीच असणार होते ना? मी शाळेत पोहोचायच्या आत त्यांनी ती नुसती सांगितली नाही, पोरांना घेऊन करून दाखवली. पिवळ्या पताकांच्या कागदाच्या टोप्या, मैदानात मांडलेली बाकं, आणि दाराच्या जागी दोन वेळूच्या काठ्या. मी आले तशा त्या लांबूनच ओरडल्या, "या जाधवबाई, तुमचीच वाट बघून राह्यलो. दारात उभ्या राहा अन् टोपीवाले धरा. एकालाबी सोडू नका!" पोरं माझ्या हातातून निसटायला बघत होती, मी दोन्ही हातांनी गच्च धरत होते आणि सगळी शाळा हसत होती. "पाह्यलं?" बाई पोरांना म्हणाल्या. "धरून ठेवावं तर जाधवबाईंनी. खरं का खोटं?" पोरं ओरडली, "खरं!" मला तेव्हा वाटलं, या बाईंना माझं सगळं कळलेलं आहे की काय.

आवाज हळूहळू परत आला. मी पेटी पट्टीपट्टीनं वर नेत गेले, काही न बोलता. ज्या दिवशी काळी चार धरली त्या दिवशी त्यांनी राष्ट्रगीत संपेपर्यंत समोर बघितलं आणि मग माझ्याजवळ येऊन वाकल्या. "वर आणली ना आज?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"खाली नेत व्हत्या तवाबी कळत व्हतं," त्या म्हणाल्या आणि वर्गावर गेल्या. बांगड्या नव्या भरलेल्या होत्या, ढिल्या.

पुढे त्यांची बदली झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, परतूर तालुक्यात, आष्टीला. परिपाठ परत माझ्याकडे आला. सरांनी तो मला समारंभानं दिला. मी पेटीवर बसले, बोटं आपसूक काळी चारवर गेली, आणि त्या सुरात माझा आवाज चढेना. पोरं चिमटे काढायला लागली.

पण भेट चुकली नाही. दर सहा महिन्यांनी हिवाळेबाई रक्त द्यायला आष्टीहून जालन्याला येत आणि मला टेंभुर्णीहून बोलावून घेत. आधी लॅब नाही, आधी बसस्टँड. बाकड्यावर बसून हात पुढे करायच्या. "पाहा बरं मला." मी बांगड्या सरकवून बघायची, चेहरा बघायची, मग त्या माझ्या कानाशी एक 'सा' लावायच्या. मी म्हणायची, "बराबर आहे." मगच रक्त द्यायला जायचं. टीएसएच माझ्या विरोधात कधी गेला नाही. तेवढ्यापुरता का होईना, माझ्यावाचून त्यांचं अडायचं.

शेवटच्या खेपेला त्यांच्यासोबत एक तरुण बाई होती. आष्टीच्या शाळेतली, नुकतीच लागलेली, बोलायला चुरचुरीत. हिवाळेबाईंची पिशवी तिच्याच खांद्यावर. मी नेहमीसारखा कान पुढे केला, बाईंनी 'सा' लावला. स्टँडवर गलका होता, नीट ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "काळी चार. बराबर."

"न्हाई हो मॅडम," ती मुलगी म्हणाली. "बाई पांढरी पाचमध्ये गात्यात आता. पेटी मीच धरते ना."

माझ्या अंगाची अशी आग झाली म्हणता! आजवर हिवाळेबाईंचा गळा, पदर, बांगड्या, आजार, सगळ्याचा हेवा करून झाला होता. त्या दिवशी पहिल्यांदा मला दुसऱ्याच कुणाचा हेवा वाटला. त्या काल आलेल्या पोरीचा. रोज सकाळी हिवाळेबाईंच्या शेजारी बसून भाता ओढणारीचा.

"वय झालं आता, जाधवबाई," हिवाळेबाई हसून म्हणाल्या. "ते काय गोळीनं वर येतंय का?" टीएसएच पुढे त्या वेळचाही बरोबर निघाला. म्हणजे सूर आजारानं नव्हे, वयानंच उतरला होता; ती मुलगी खरी होती आणि मी चुकले होते. मी चहा घेतला नाही.

संध्याकाळी त्यांची परतूरची गाडी लागली. मुलीनं आत जाऊन खिडकीची जागा धरली. हिवाळेबाई बसल्या, काच सरकवली आणि माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. गाडी हलली. मी तोंड फिरवून उभी होते. तेवढ्यात त्यांनी खिडकीबाहेर मान काढली आणि त्या गलक्यात, सगळ्यांसमोर, मोठ्यानं 'सा' लावला.

स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. कंडक्टर दारात थबकला. माझ्याकडे अर्थात कुणीही बघितलं नाही.

काळी चार होती. पण ताणून लावलेली. शेवटाला किंचित थरथरली. शेजारी बसलेल्या त्या पोरीला ते कळलं नसणार. मला कळलं.